चौदाव्या खंडापासून

श्रावणात मंडईत मेथीची जुडी येते ती मुळांच्या चिखलासकट. माझं घर मंडईच्या मागे, शुक्रवार पेठेत. लग्न होऊन इथे आले त्याला चाळीस वर्षं झाली आणि तेव्हापासून भाजी मी तिथूनच आणते. जुडी वर्तमानपत्रावर सोडली की मातीचे गोळे सुटतात, आणि पाच-दहा जुड्यांमागे एखादं गांडूळ त्यातून बाहेर पडतं. एकदा जुडी घेतानाच दिसलं म्हणून भाजीवाल्या मावशींना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "पावसापाण्याचं निघायचंच ताई. चांगल्या रानातली भाजी आहे, म्हणून तर निघालं."

मावशींचं म्हणणं खरं आहे. पण गोष्ट तिथेच थांबते, कारण "गांडूळ आहे" एवढं कळलं की आपलं समाधान होतं. त्याच मंडईत नुसतं "वांगी द्या" म्हणून चालत नाही. भरताची की भरायची, काटेरी की बिनकाट्याची, हे सांगावं लागतं. साप दिसला की नाग की धामण, हे शेतावरचं पोरही विचारतं. गांडुळाच्या बाबतीत "कोणतं?" हा प्रश्न मराठीत कुणी विचारत नाही. तुमच्या हातातलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच प्रश्न विचारतं. ते लिहिणारी माझी विद्यार्थिनी. तिने प्रस्तावना मागितली तेव्हा मी आनंदाने हो म्हटलं, कारण मातीतल्या या प्राण्याकडे इतक्या जवळून पाहायला शिकवणारं पुस्तक मराठीत असावं, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

आपल्याकडे नावं कमी नाहीत. गांडूळ, गांडवळ, काडू, दानवे, वाळे, शिदोड, केचवे; प्रदेश बदलला की शब्द बदलतो. अमरकोशात गण्डूपद आणि किञ्चुलक हे शब्द आहेत, रसशास्त्राच्या ग्रंथांत भूनाग आहे. पण ही नावं माणसांच्या बोलींची आहेत. काडू म्हणणाऱ्याच्या परसात चार जातींची गांडुळं असली तरी चारही काडूच. उलट जे गांडूळ नाहीच, त्याला मात्र आपण ते नाव देऊन ठेवलं आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात दगडाखाली सापडणारं देवगांडूळ हा पाठीचा कणा असलेला, जबड्यात दात असलेला, बेडकाच्या नात्यातला उभयचर प्राणी आहे. त्याच्या दोन नव्या जाती २००३ साली आपल्याच राज्यातून जगासमोर आल्या, एक सिंधुदुर्गातल्या आंबोलीची आणि दुसरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ल्याची. आंबोलीच्या जातीचं वर्णन वरद गिरी यांनी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्यूझियममधल्या विल्किन्सन आणि गॉवर यांच्यासह केलं आणि तिला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतल्या जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं. आंबोलीला किती लोक जातात! धबधब्याखाली भिजतात, कणीस खातात, परत येतात. पायाखालच्या त्या प्राण्याला मात्र २००३ पर्यंत शास्त्रात नाव नव्हतं.

खऱ्या गांडुळांचंही तसंच आहे. जगात आजवर साडेपाच हजारांहून अधिक जातींना नावं मिळाली आहेत, भारतात काहीशे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे अजूनही नव्या जाती सापडत आहेत. २०१७ साली केरळातून प्रशांत नारायणन, जे. एम. जुल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्राविडा या प्रजातीतल्या दोन नव्या जातींची वर्णनं प्रसिद्ध केली. एकीचं नाव पॉलिडायव्हर्टिक्युलाटा, म्हणजे पुष्कळ फाट्यांची. तिच्या पोटातल्या एका पिशवीला अनेक फाटे आहेत, ते लक्षणच तिचं नाव झालं. दुसरीला प्रा. ए. पी. थॉमस यांच्यावरून थॉमसी हे नाव मिळालं. ड्राविडा हे प्रजातीचं नाव १९०० साली हॅम्बुर्गच्या विल्हेल्म मिखाएलसन यांनी दिलं आणि त्यात आपला द्रविड देश सरळ ऐकू येतो. डोंगर सह्याद्रीचा, नाव जर्मनीत ठरलेलं, आणि आता त्याच प्रजातीत केरळातल्या कोट्टायमची माणसं भर घालतायत. आपल्या बाजूच्या सह्याद्रीत, मुळशीपासून तिलारीपर्यंत, हे काम करणारे हात फार थोडे आहेत. पुस्तक लिहिण्यामागचं कारण तेच.

नावं कशी पडतात याची एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५१ ते १८५३ या काळात स्वीडनचं युजेनी नावाचं लढाऊ जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. त्यावर डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ म्हणून योहान किनबर्ग होते. बंदराबंदरावर गोळा केलेल्या प्राण्यांवर त्यांनी पुढे जे लिहिलं, त्यात १८६७ साली दोन गांडुळांना नावं मिळाली. एक मॉरिशसला मिळालेलं, म्हणून लॅम्पिटो मॉरिटी. दुसरं सेंट हेलेना बेटावरचं, त्याला जहाजाचं नाव मिळालं: युड्रिलस युजेनी. आता गंमत पाहा. लॅम्पिटो मॉरिटी हे भारतातलं अगदी नेहमीचं गांडूळ, आपल्या शेतात, बागेत, गटाराच्या कडेला सापडणारं. ते माणसांच्या आणि रोपांच्या मातीतून मॉरिशसला गेलं, तिथे स्वीडिश माणसाच्या हाती लागलं, आणि घरच्या प्राण्याला परगावचं नाव कायमचं चिकटलं. युड्रिलस मूळचं आफ्रिकेचं. तेही सेंट हेलेनाला असंच पोचलेलं. आज "गांडूळ कल्चर" म्हणून पुण्यात किलोवर विकत मिळतं, सोसायट्यांच्या खतखड्ड्यांत वळवळतं, ते पुष्कळदा हेच. एका जहाजाच्या दोन बरण्यांतली गांडुळं दीडशे वर्षांनी पुण्याच्या एकाच परसात, तुळशीच्या कुंडीत एक आणि खताच्या खड्ड्यात दुसरं, अशी नांदताहेत.

उष्ण प्रदेशातल्या गांडुळांचा अभ्यास म्हणूनच अवघड आहे. ती रोपांच्या मुळांबरोबर प्रवास करतात. लंडनजवळच्या क्यू बागेत जगभरातून पेट्यांमधून रोपं यायची, त्या मातीतून निघालेल्या गांडुळांची वर्णनं फ्रँक बेडर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला केली. ती जात मूळची कुठली, हे शोधायला नंतरच्यांना पुष्कळ कष्ट पडले. आपली मंडईसुद्धा तसंच एक बंदर आहे. पुरंदरची, हवेलीची, मुळशी-मावळची माती रोज पहाटे पालेभाजीच्या मुळांना धरून पुण्यात उतरते. बाहेर रस्त्यावर मोगऱ्याची आणि तुळशीची रोपं काळ्या पिशवीत बसलेली असतात, ती तर आणखी लांबून आलेली. कुंड्यांमधून फिरणारं आणखी एक गांडूळ दक्षिण अमेरिकेचं आहे, पाँटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस. फ्रिट्झ म्युलर यांनी १८५७ साली त्याचं वर्णन केलं आणि आता ते उष्ण कटिबंधात जवळजवळ सगळीकडे आहे, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बागांमध्येही. त्याच्या शेपटीकडचे राठ रोम ओळीत न बसता विस्कटल्यासारखे दिसतात, कुंच्यासारखे. हातात घेऊन बोट उलटं फिरवलं तर ते खरखरतं. या एका नावाखाली एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती दडल्या आहेत, हे डीएनए तपासल्यावर २०१८ मध्ये स्पष्ट झालं. तेव्हा मूळ कोरेथ्रुरस कोणती, हे ठरवायला संशोधकांना ब्राझीलमधल्या ब्लुमेनाऊला, म्युलर यांच्या गावी जाऊन नवा नमुना आणावा लागला.

आता मुख्य कामाकडे येते. नवी जात ओळखायची म्हणजे काय करायचं?

पहिली अट, गांडूळ वयात आलेलं हवं. अंगाच्या पुढच्या भागात जाड, वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो, त्याला पर्याणिका म्हणतात. पर्याण म्हणजे घोड्याचं खोगीर, आणि पट्टा तसाच पाठीवर टाकल्यासारखा दिसतो. तो नसेल तर ते पोर आहे, त्याची जात बाहेरून सांगता येत नाही. आपल्याकडे पट्टा असलेली गांडुळं मिळतात ती मुख्यतः पावसाळ्यात. उन्हाळ्यात ती खोल जाऊन गोळा होऊन पडून राहतात. म्हणून दख्खनच्या पठारावर काम करणाऱ्याचं खरं वर्ष जूनअखेर सुरू होतं आणि दिवाळीला संपतं.

खणायचं ते मोजून. २५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा मातीचा ठोकळा काढायचा, पोत्यावर टाकायचा आणि हातांनी फोडत बसायचं. घाई केली तर खुरप्याने गांडूळ तुटतं आणि तुटलेल्या नमुन्याचे खंड, म्हणजे अंगावरची कडी, मोजता येत नाहीत. जिवंत असतानाच रंग लिहून ठेवायचा. अल्कोहोलात पडल्यावर जांभळं, तांबूस, हिरवट सगळं दोन-चार दिवसांत मळक्या पांढऱ्यावर येतं. या एका नोंदीचा आळस केल्यामुळे माझे स्वतःचे कितीतरी नमुने अर्धवट राहिले आहेत आणि आज त्याला इलाज नाही. मग गांडूळ सौम्य अल्कोहोलात बधिर करायचं, सरळ आडवं ठेवायचं, तसंच घट्ट होऊ द्यायचं. डीएनएसाठी शेपटीचा तुकडा वेगळा, कडक अल्कोहोलात.

नंतर मोजणी. तोंडाभोवतीचा खंड पहिला, तिथून मागे एक एक. भिंगाखाली सुई धरून मोजताना पहिल्यांदा प्रत्येकाची चूक होते, कारण पुढच्या खंडांवर आडव्या रेषा असतात आणि त्या खंडाच्या खाचेसारख्या दिसतात. रोम पाहत मोजलं की चूक टळते. रेषांवर रोम नसतात, प्रत्येक खंडावर असतात, फक्त पहिल्या आणि शेवटच्या सोडून. हे रोमच पहिली मोठी वाटणी करतात. काहींना खंडावर आठच, चार जोड्यांनी. काहींना कंकणासारखे सगळ्या अंगाभोवती. आमच्या पिढीने महाविद्यालयात पाहिलेलं फेरेटिमा कंकणवालं. लखनौच्या कर्मनारायण बहल यांनी १९२६ साली त्याच्यावर जी पुस्तिका लिहिली, तिच्यावर भारतातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. ती पुस्तिका फार सुंदर आहे. तिचा एक परिणाम मात्र असा झाला की गांडूळ म्हणजे तेवढं एकच, असं आम्हांला वाटू लागलं.

पट्टा कुठल्या खंडावर सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्यानंतर पाहायचं. फेरेटिमामध्ये (आता त्याला मेटाफायर पोस्थुमा म्हणतात) तो १४ ते १६, तीन खंडांचा. लॅम्पिटो मॉरिटीमध्ये १४ ते १७. खताच्या बेडमधल्या आयसेनिया फेटिडामध्ये फार मागे, पंचविसाव्याच्या आसपास सुरू होऊन बत्तिसाव्यापर्यंत. ड्राविडामध्ये पुढे, १० ते १३, आणि तिथे तो पेशींच्या एकाच थराचा असल्यामुळे इतका पुसट की पुष्कळदा दिसतच नाही. अशा वेळी नवखा माणूस वयात आलेल्या गांडुळाला पोर समजून फेकून देतो. पोटाच्या बाजूला जननरंध्रं असतात. ती किती, कुठल्या खंडावर, खाचेत की खंडाच्या मध्यावर, त्यांच्याभोवती उंचवटे आहेत का, हे सगळं चित्र काढून लिहायचं.

बाहेरून एवढं. खरी जात आत असते. मेणाच्या ताटलीत गांडूळ पालथं ठेवायचं, पाठीच्या मध्यरेषेच्या किंचित बाजूने बारीक कात्रीने चिरत जायचं आणि कडा टाचण्यांनी दोन्हीकडे लावायच्या. मध्यरेषेवरच चिरलं तर पाठीची रक्तवाहिनी कापली जाते. कातडी उघडली की एकामागून एक पातळ पडदे दिसतात, प्रत्येक दोन खंडांच्या मध्ये एक. पहिल्यांदा ड्राविडा उघडलं तो दिवस मला आजही आठवतो. फेरेटिमाची सवय असलेल्या डोळ्यांना आठव्या खंडात एकच पेषणी, म्हणजे दळणारी टणक पिशवी, दिसेल अशी अपेक्षा होती. तिथे काहीच नाही. मागे सरकत गेले तर बाराव्याच्या पुढे मोत्यांच्या सरासारख्या ओळीने पेषण्या, घट्ट, चकाकणाऱ्या, चिमट्याने दाबल्या तरी न दबणाऱ्या. माती खाणारा प्राणी आणि त्याच्या पोटात जात्यांची रांग! आणि सातव्या-आठव्या खंडांच्या मधल्या पडद्याला चिकटून दोन इवल्या पिशव्या, त्यांच्या नळ्या दोऱ्यासारख्या गुंडाळलेल्या.

या पिशव्यांना शुक्रग्राहिका म्हणतात. गांडूळ नर-मादी एकाच देहात असतं, पण बहुतेक जातींत दोघांना भेटावं लागतं आणि ते एकमेकांचे शुक्राणू या पिशव्यांत साठवतात. एका जातीची दुसरीशी गाठ न पडण्याशी या अवयवांचा जवळचा संबंध असल्यामुळे त्यांची संख्या, जागा, नळीची लांबी, फाट्यांचा आकार ही जातीची सगळ्यांत भरवशाची खूण ठरते. केरळच्या त्या जातीचं नाव फाट्यांवरून पडलं ते उगीच नाही.

प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगाने थांबवलं. हजारो बेडूक आणि गांडुळं केवळ गुणांसाठी मारली जात होती, ते थांबलं याचा मला आनंद आहे. पण त्याबरोबर चिमटा-सुई धरणारी बोटंही तयार होईनाशी झाली. हे कौशल्य यंत्रावरून मिळत नाही. पुस्तकातल्या आकृत्या लेखिकेने स्वतः, भिंगाखाली बसून काढल्या आहेत. ज्याला खरंच संशोधन करायचं आहे, त्याने एका नमुन्यावर आठवडा घालवावा आणि त्या आकृत्यांशी ताडून पाहावं.

आता समजा, तुमच्या गांडुळाची लक्षणं कशाशीच जुळत नाहीत. म्हणजे ते नवं, असं लगेच नाही. आधी जुनं सगळं वाचायचं. जॉन स्टीफन्सन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांचा १९२३ सालचा जाडजूड खंड आजही टेबलावर लागतो. जी. ई. गेट्स रंगूनच्या जडसन कॉलेजात होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरलं तेव्हा त्यांना तो देश सोडावा लागला, तरी काम सोडलं नाही. ब्रह्मदेशातल्या गांडुळांवरचा त्यांचा ग्रंथ १९७२ साली आला. आणि १९८८ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलेला जुल्का यांचा ऑक्टोकीटिडी कुळावरचा खंड. या तिघांच्या ओळीओळीतून गेल्यावर, जवळच्या जातींचे मूळ नमुने पाहिल्यावर, आणि एकाऐवजी पाच-सात नमुन्यांत तोच फरक कायम दिसल्यावर मग "नवी" हा शब्द उच्चारायचा. डीएनएचा पुरावा जोडला तर उत्तम. पण नुसता डीएनए पुरत नाही, कारण जुन्या शेकडो जातींचे डीएनए कुणाकडेच नाहीत. त्यांची ओळख फक्त शब्दांत आणि बरणीतल्या देहात आहे.

नाव देण्याचे नियम कडक आहेत आणि मला ते आवडतात. प्राण्यांच्या नावांचा हिशेब १ जानेवारी १७५८ पासून सुरू होतो. आधीचं योग्य नाव असेल तर तेच टिकतं, मग ते मॉरिशसचं का असेना. २००० सालापासून नव्या जातीसाठी एक मूळ नमुना निश्चित करून तो कुठल्या संग्रहात ठेवला, हे लिहावंच लागतं. आपल्या देशाच्या जैवविविधता कायद्याच्या, २००२ च्या, ३९व्या कलमानुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला देऊन नमुना तिथे जमा करावा लागतो. पुण्याच्या माणसाला त्यासाठी कोलकात्याला धावायची गरज नाही. प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यातच आहे, आता आकुर्डीला. नाव माणसाचं द्या, गावाचं द्या, लक्षणाचं द्या. स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला देणं शिष्टसंमत नाही, आणि ही मर्यादा या क्षेत्राने आजवर चांगली सांभाळली आहे.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मला घरातही विचारला जातो. मंडईत राहून मी त्याचं उत्तर मंडईवरूनच देते. ही अष्टकोनी दगडी इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा आधी शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचंच नाव मिळालं. मंडई उघडण्याआधी तीन वर्षं, १८८३ मध्ये, फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. त्यात ते पावसाने धुपून जाणाऱ्या मातीबद्दल बोलतात. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे कुजून त्यांचं सत्त्व शेतात उतरायचं ते आता उतरत नाही, ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवा, असं सांगतात. दोनच वर्षं आधी, १८८१ मध्ये, डार्विनचं शेवटचं पुस्तक आलं होतं, गांडुळं माती कशी घडवतात यावरचं. त्यात कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या गांडुळाच्या मनोऱ्यासारख्या विष्ठेचं चित्रसुद्धा आहे. या दोघांना एकमेकांचं लिखाण माहीत असण्याचं कारण नव्हतं. माती ही जिवांनी केलेली वस्तू आहे, ती आपोआप होत नाही, हे दोघांनीही पाहिलं होतं.

आणि माती कोण करतं, हे जातीवर ठरतं. आयसेनिया आणि युड्रिलस कुजणाऱ्या पाल्यात, शेणात राहतात, वरच्या वर. खड्ड्यात खत करायला ती उत्तम. पुण्यात डॉ. उदय भवाळकरांसारख्या माणसांनी गांडुळांना प्रतिष्ठा मिळवून दिली, महापालिका गांडूळखत करणाऱ्याला मिळकतकरात सवलत देते, हे सगळं चांगलंच झालं. पण ही खड्ड्यातली गांडुळं शेतात सोडली की जमीन भुसभुशीत होईल, ही समजूत मी कितीतरी शेतकऱ्यांकडून ऐकली आहे आणि ती ऐकून दर वेळी वाईट वाटतं. शेतातल्या कोरड्या, उघड्या मातीत ती तग धरत नाहीत. जमिनीत वर-खाली बिळं करणारी, पावसाचं पाणी आत नेणारी गांडुळं वेगळी असतात, ती त्याच रानात आधीपासून असतात, आणि नांगर, विषारी फवारे आणि जाळलेलं पाचट यांतून जी वाचली आहेत त्यांचं नाव कुणी विचारलेलं नसतं. जे मोजलेलं नाही ते कमी झालं, हे कळणार कसं? घाटमाथ्यावरच्या एखाद्या देवराईत राहणारी, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली जात रस्ता रुंद करताना एका दुपारी संपू शकते. तिच्यावर रडायला तिचं नाव तरी हवं.

लेखिकेने या पुस्तकात गांडूळ ओळखण्याची किल्ली अशी बांधली आहे की बारावी झालेल्या मुलाला भिंग, चिमटा आणि वही यांच्या बळावर निदान कुळापर्यंत पोचता यावं. मराठी परिभाषा तिने जपून वापरली आहे. जिथे पर्याणिका चालते तिथे पर्याणिका, जिथे पट्टा पुरतो तिथे पट्टा. गावोगावची नावंही तिने प्रत्येक नमुन्याबरोबर लिहून घेतली आहेत, हे मला विशेष आवडलं, कारण एखाद्या गावात दोन गांडुळांना दोन शब्द असतील तर तिथे कुणीतरी आपल्याआधी नीट पाहिलेलं असतं.

हस्तलिखित वाचत होते तेव्हाच, गेल्या श्रावणात, मेथीच्या जुडीतून पुन्हा एक गांडूळ निघालं. करडं, पुढून किंचित जांभळट, वीतभरापेक्षा थोडं कमी. पट्टा नव्हता. मी ते शेणखत घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवलं आणि वर ओलं फडकं टाकलं. दीड महिन्याने पाहिलं तर पट्टा आलेला, चौदाव्या खंडापासून. सोळाव्यावर थांबतो का, म्हणून श्वास रोखून मोजलं. सतराव्यापर्यंत गेला. पोटाकडे शुक्रग्राहिकांची रंध्रं तीन जोड्या, सहा-सातच्या खाचेपासून आठ-नऊच्या खाचेपर्यंत. रोम कंकणासारखे. लॅम्पिटो मॉरिटी, किनबर्ग, १८६७.

बरणीत ठेवलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. स्थळ: महात्मा फुले मंडई, पुणे, असं लिहून थांबले. मग खाली जाऊन मावशींना विचारलं, त्या दिवशीची मेथी कुठली होती. त्या म्हणाल्या, सासवडची असेल, पण त्या आठवड्यात हडपसरकडचाही माल लागला होता. लेखिकेला फोन केला, तर ती म्हणाली, "बाई, जे पाहिलं तेवढंच लिहा, बाकीचं कुणी सांगितलं ते लिहा." म्हणून त्या चिठ्ठीवर आता असं आहे: मेथीच्या जुडीच्या मुळाशी, महात्मा फुले मंडई, शुक्रवार पेठ, पुणे, मूळ माती सासवड किंवा हडपसर परिसरातली, विक्रेतीच्या सांगण्यावरून, मिळालं तेव्हा पट्टा नव्हता.